आधी विचारा, मग कात्री

पत्र :

"मी ६३ वर्षांची आहे. घरात मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. शिवणकाम मला लहानपणापासून येतं. नोकरीच्या वर्षांत मशीन कोपऱ्यात पडून होतं, आता वेळच वेळ आहे. माळ्यावरून जुन्या कपड्यांची तीन बोचकी काढली आणि कामाला लागले. मुलाच्या चौकड्याच्या शर्टाचा नातीला फ्रॉक शिवला. ती एकदाच घालून गेली, परत आली ती रडवेली. मैत्रिणी म्हणाल्या, हा तर बाबांचा शर्ट! तो फ्रॉक आता कपाटाच्या तळाशी आहे. मग मुलाची एक जुनी जीन्स दिसली, चार वर्षांत त्याने ती घातली नव्हती. एक पाय कापून मी छान पिशवी केली. त्याच आठवड्यात तो ती जीन्स शोधायला लागला. आरडाओरडा केला नाही, एवढंच म्हणाला, 'आई, विचारायचं तरी.' दोन दिवस घरात कुणी मोकळेपणाने बोललं नाही. सून म्हणते, 'आई, तुम्ही आता आराम करा ना.' मला ते लागलं. माझं चुकलं का? की आजच्या घरात या कामाला जागाच उरली नाही? आणि असेल, तर काय करू, जे खरंच वापरलं जाईल?"

— सुई-दोऱ्यात रमणारी एक आजी

उत्तर :

ताई,

आपण दोघी साधारण एका वयाच्या, म्हणून ताईच म्हणते. तुम्ही स्पष्ट विचारलंत तर स्पष्टच सांगते. जीन्सच्या बाबतीत तुमचं चुकलं. फ्रॉकच्या बाबतीत शिवण चुकली नाही, पण विचारायचं तिथेही राहूनच गेलं. आणि घरात या कामाला जागा आहे का, तर भरपूर आहे. फक्त ती तुम्ही जिथे शोधताय तिथे नाही.

आधी जीन्स. न घातलेला कपडा बेवारशी नसतो. माणसं कपडे किती विचित्र कारणांनी ठेवून देतात! कुणी वजन उतरलं की घालू म्हणून ठेवतं, कुणी घराला रंग देताना अंगावर असावा म्हणून, आणि कुणी कुणालाच न सांगितलेल्या एखाद्या दिवसाची आठवण म्हणून. तुमच्या मुलाचं कारण कोणतं होतं हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्याने ते सांगायलाच हवं असंही नाही. आपण शिवणाऱ्या बायका मात्र कापड दिसलं की आंधळ्या होतो. उचलली कात्री, लावली कापडाला. मीही यातून गेले आहे, बहिणीच्या ओढणीपायी. तो किस्सा इथे लिहिला तर ती पुन्हा बोलायची बंद होईल.

तेव्हा मुलाला एका वाक्यात सांगा, "तुला न विचारता कापली, माझं चुकलं." एवढंच. त्या वाक्याला "पण पिशवी किती छान झालीय बघ" हे शेपूट जोडू नका. त्या शेपटानेच सगळं बिघडतं.

पुढे असं होऊ नये म्हणून एक साधी सोय करा. घरात एक टोपली ठेवा. ज्याला जो कपडा नकोसा झाला असेल तो त्याने स्वतःच्या हाताने तिच्यात टाकायचा. तुमची कात्री चालेल ती फक्त टोपलीतल्या कपड्यांवर. आणि टोपलीतला कपडाही आठवडाभर तसाच राहू द्यायचा. तेवढ्यात कुणाचं मन बदललं, तर काढून घ्यायची मुभा. माझ्याकडे ही टोपली सुरू झाली तेव्हा पहिले पंधरा दिवस तिच्यात एक मोजा पडला होता, तोही एकच. धीर धरा. लोकांना एकदा खात्री पटली की टोपलीबाहेरच्या कपड्याला धक्का लागत नाही, की टोपली भरायला लागते. तीन बोचक्यांपेक्षा लवकर भरते.

आता फ्रॉक. नऊ वर्षांची मुलगी म्हणजे कपड्यांच्या बाबतीत वकीलच. पुरुषांच्या शर्टाला बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, बायकांच्या कपड्यांना डाव्या. तुम्ही शर्टाची बटणपट्टी तशीच ठेवली असेल, छातीवरचा खिसा ठेवला असेल, कॉलर ठेवली असेल, तर मैत्रिणींना ओळखायला क्षणही लागला नसेल. त्यातून चौकडा! बाबांना त्या शर्टात शाळेच्या दारात उभं राहिलेलं त्यांनी दहा वेळा पाहिलं असणार.

आपल्या लहानपणी हे चालायचं ना, असं तुमच्या मनात येईल. चालायचं, कारण सगळ्यांचंच तसं होतं. परदेशातही एकेकाळी असंच होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि युद्ध संपल्यावरही राहिलं, १९४१ पासून थेट १९४९ पर्यंत. सुरुवातीला मोठ्या माणसाला वर्षाला ६६ कुपनं मिळायची आणि पुरुषाच्या एका सुटालाच त्यातली २६ जायची. १९४३ मध्ये तर सरकारनेच जुन्याचं नवं कसं करायचं याची पुस्तिका काढली. त्या काळी वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या अंगावर कुणाचा तरी जुना कोट किंवा पडदा असायचा, मग कोण कुणाला हसणार? तुमची नात मात्र त्या दिवशी वर्गात एकटी होती. तिचं रडणं हा तुमच्या शिवणीचा अपमान नाही.

तो फ्रॉक तिला पुन्हा घालायला लावू नका, "घरात घाल" असंही म्हणू नका. तिला समोर बसवा, फ्रॉक हातात द्या आणि विचारा, याचं काय करूया? मुलं जे सांगतात ते आपल्या डोक्यात कधीच आलेलं नसतं. बाहुलीचं अंथरूण म्हणेल, रंगपेटीची पिशवी म्हणेल, नाहीतर आधी उसवायला मागेल. उसवणं मुलांना फार आवडतं. मात्र शिवण उसवायचं ते टोकदार हत्यार तिच्या हातात द्याल तेव्हा शेजारी बसा, त्याचं टोक कापडातून निसटतं आणि थेट बोटात जातं.

सूनबाईंच्या "आराम करा"चा अर्थही मी जरा वेगळा लावते. तुम्ही शिवलेली प्रत्येक वस्तू घरात येते तेव्हा ती कुठेतरी ठेवावी लागते, धुवावी लागते, वाळत घालावी लागते, आणि नको म्हटलं तर तुमचं मन दुखावतं. हे सगळं कुणाच्या वाट्याला येतं? तिच्याच. ती कामाला नाही म्हणत नसेल, घरात आणखी एक वस्तू येण्याला म्हणत असेल. म्हणून तिला "मी काय शिवू?" असं विचारू नका. "घरात रोज कशावाचून अडतं?" असं विचारा. माझी पैज आहे, पहिलं उत्तर कलाकुसरीचं नसेल, दुरुस्तीचं असेल. तुटलेलं बटण, सुटलेली दुमड, नातवाचे गुडघे, बिघडलेली चेन, इलॅस्टिक गेलेली पँट. शिवता येणाऱ्या माणसाची खरी किंमत घराला इथे कळते, आणि आपण नेमकं हेच काम कंटाळवाणं म्हणून मागे टाकतो.

म्हणून पहिला महिना फक्त दुरुस्ती करा. थोडी तपशिलात सांगते. तुम्हाला हात आहे, पण मध्ये बरीच वर्षं गेली आहेत.

बटण लावताना बटणाच्या डोक्यावर आडवी आगकाडी ठेवा आणि तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि कापड व बटण यांच्यामध्ये जो सैल दोरा राहतो त्याला चार-पाच वेढे देऊन गाठ मारा. त्या वेढ्यांच्या मानेमुळे काजाच्या जाडीला जागा मिळते आणि बटण कापडाला ओढून फाडत नाही. जाड कोटाच्या बटणाला आतल्या बाजूने एक इवलंसं बटण किंवा कापडाचा तुकडा लावलात तर ते पुन्हा निखळणार नाही.

गुडघा फाटलेल्या जीन्सला ठिगळ लावताना सगळ्यांची अडचण एकच असते, मशीन त्या नळकांड्यात जात नाही. पायाच्या दोन शिवणी नीट बघा. बहुतेक जीन्समध्ये एकीवर बाहेरून दुहेरी टीप दिसते आणि दुसरी साधी असते. साधी असेल ती गुडघ्याच्या वर-खाली वीतभर उसवा, कापड सपाट पसरा, ठिगळ लावा आणि शिवण परत मारा. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठं घ्या, कारण भोकाभोवतीचं कापडही दमलेलं असतं. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचलतात. आणि ठिगळाला नवं कोरं कापड घेऊ नका. नव्या कडक कापडाची ओढ जुन्याला सोसत नाही, ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेने जुनं फाटतं. ठिगळ जुन्याच जीन्सचं हवं. टोपलीतल्या जीन्सचं, हे पुन्हा सांगायला नको.

वाढत्या मुलांच्या कपड्यांची दुमड सोडली की जुन्या घडीची फिकट रेघ राहते. ती जात नाही, धुवून बघण्यात वेळ घालवू नका. तिच्यावर एक फीत लावा किंवा रंगीत दोऱ्याच्या दोन समांतर टिपा मारा, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. यापुढे स्वतः काही शिवाल तेव्हा खाली पाच-सहा सेंटिमीटरची दुमड ठेवा आणि ती हाताने शिवा, म्हणजे सोडताना त्रास नाही.

मशीन इतकी वर्षं बंद होतं, तर त्यातला जुना कापूस-केर काढून तेल द्या आणि आधी सुई बदला. शर्टाच्या कापडाला ११ किंवा १४ नंबरची, जीन्सला १६ नंबरची. टी-शर्टासारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची, तिला बॉल पॉइंट म्हणतात. साधी टोकदार सुई विणीचे धागे तोडते आणि चार धुण्यांनी टिपेच्या कडेने भोकांची माळ दिसायला लागते. जुने दोरेही बघून घ्या. हातभर दोरा ओढा, सहज तुटला तर अख्खं रीळ कच्च्या दोऱ्यासाठी ठेवा.

आता बोचकी. तीन आहेत म्हणता. ती एका दिवसात उपसू नका, एक बोचकं एका दुपारी पुरे. आणि प्रत्येक कपड्याला "यातून काय होईल?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला प्रत्येक चिंधी उत्तर देते आणि मग काहीच टाकवत नाही. "हे कापड अजून चालेल का?" एवढंच बघा. खिडकीशी धरा. उजेड जिथे जाळीसारखा दिसेल तिथे ते संपलंय. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणा, आधी उभ्या धाग्यात, मग आडव्यात. चर्र आवाज आला तर ते शिवण पेलणार नाही, पुसायच्या फडक्यात टाका. वास लागला असेल किंवा बुरशीचे काळे ठिपके असतील तर मायाच नको.

प्रत्येक कपडा आपापल्या जागी झिजतो. शर्ट कॉलरच्या घडीवर, कफाच्या कडेला, काखेत आणि कोपरावर जातो, पण पाठ बहुतेक वेळा उत्तम असते. मोठ्या माणसाच्या शर्टाच्या पाठीत लहान मुलाचा अख्खा सदरा बसतो. पँट मांड्यांच्या आत आणि बसायच्या जागी विरते, गुडघ्याखालचं कापड मात्र जवळपास नव्यासारखं राहतं. चादर आणि टॉवेल मधोमध विरतात. म्हणून चादर मधून उभी कापा, बाहेरचे दोन्ही काठ आणून मध्ये जोडा आणि विरलेली बाजू कडेला नेऊन दुमडून टाका. जुनी युक्ती आहे, चादरीला आणखी काही वर्षं मिळतात. मधला जोड पाठीला टोचतो अशी माझ्या घरून तक्रार आली होती. तेव्हापासून मी असं करणं सोडलं आणि कडेच्या चांगल्या पट्ट्यांच्या उशांच्या खोळी करते.

जुन्या कापडाला नवं अस्तर लावणार असाल तर नवं आधी गरम पाण्यातून काढा. जुन्या सुती कापडाचं आटणं कधीच होऊन गेलेलं असतं, नव्याचं व्हायचं असतं. दोन्ही जोडून धुतलंत की नवं आटतं, जुनं आटत नाही, आणि सगळ्या वस्तूला सुरकुत्या पडतात. माझी एक अख्खी गोधडी अशी चुरमडलीय. लोक ती मुद्दामच तशी केलीय असं समजतात, आणि मी त्यांना समजू देते.

जे खरंच वापरलं जाईल असं विचारलंत, तर माझ्या अनुभवात ज्या वस्तू घरातून कधीच नाहीशा होत नाहीत त्या अगदी साध्या आहेत. जुन्या सुती चादरीचे तीस सेंटिमीटरचे चौकोनी रुमाल, कडा दुमडून, निदान दोन डझन. कागदी रुमालांचा खप निम्म्यावर येतो आणि "कुठे ठेवू?" हा प्रश्नच नसतो, एका खणात थप्पी बसते. गरम भांडं उतरवायची जाड चौकोनी फडकी : बाहेरून जीन्स, आत जुन्या टॉवेलचे दोन थर, कोपऱ्यात टांगायला नाडी. यात सिंथेटिक कापड मुळीच घालू नका, पॉलिएस्टर तापलं की वितळून कातडीला चिकटतं. कापड कशाचं हे ओळखायचं असेल तर पाण्याच्या नळाशी उभं राहून चिमट्यात एक धागा धरा आणि पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि भुरभुरीत राख राहते, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर आक्रसून टणक मणी होतो. नातवंडं घरात नसताना करा. आणि सूनबाईंना सांगून ठेवा, ओल्या फडक्याने गरम भांडं धरायचं नाही, ओल्यातून चटका क्षणात पोचतो.

शर्टाची उशी मला विशेष आवडते, कारण तिच्यात सगळ्यात किचकट काम आयतंच मिळतं. शर्टाची बटणं लावा, बटणपट्टी मधोमध येईल असा पुढचा चौकोन कापा, पाठीचा तेवढाच चौकोन कापा, दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून चारही बाजूंनी टीप मारा, बटणं उघडा आणि उलथवा. चेन नको, काजं नकोत. तुमचा तो चौकड्याचा फ्रॉक, नातीला चालत असेल तर, याच वाटेने जाईल. बाबांचा शर्ट अंगावर लाज आणतो, उशीवर नाही. का ते मला कधी कळलं नाही, पण तसं आहे खरं.

टी-शर्टांची चटई करावी असं तुम्हाला वाटेलच, ते सगळ्यांनाच वाटतं. काखेखालून आडव्या, अडीच-तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. ओढल्या की कडा आपोआप आत वळतात आणि दोरीसारखी गोळी होते. तीन पट्ट्यांची वेणी घाला आणि ती वेणी गोल गोल फिरवत जाड दोऱ्याने शेजारच्या फेऱ्याला जोडत जा. मी पहिली चटई संध्याकाळी मांडीवर घेऊन जोडली, तीन संध्याकाळी. जमिनीवर ठेवली तर ती चटई नव्हती, टोपली होती! वळणावर बाहेरचा फेरा लांब पडतो, तिथे वेणी सैल सोडावी लागते. मांडीवर ती नकळत ओढली जाते आणि कडा वर उचलते. सपाट टेबलावरच जोडा. माझी ती टोपली अजून आहे. मघाशी सांगितली ना, तीच, एक मोजा पडलेली.

लोकरीचा स्वेटर कुणी चुकून गरम पाण्यात धुऊन आटवला असेल तर तो फेकू नका. लोकरीच्या तंतूला सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं यांनी ते एकमेकांत अडकतात आणि कापड नमद्यासारखं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखं जाड होतं. मग ते कुठेही कापलं तरी धागे सुटत नाहीत, दुमड घालायची गरजच नाही. बाह्यांचे मोजे होतात, पाठीचं गरम पाण्याच्या पिशवीचं आवरण होतं. अॅक्रिलिकचं मात्र असं होत नाही, आतली पट्टी वाचा.

नातू चार वर्षांचा आहे म्हणून दोन गोष्टी. त्याच्या कपड्याच्या गळ्याला किंवा टोपीला ओढायची नाडी लावू नका, कितीही गोड दिसली तरी. घसरगुंडीत किंवा दारात ती अडकते आणि गळ्याला फास बसतो. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि गळ्याच्या भागात अशा नाड्या चालतच नाहीत. इलॅस्टिक घाला किंवा काहीच नको. आणि कापडी खेळणं केलंत तर डोळ्यांना बटणं न लावता दोऱ्याने भरा. चार वर्षांच्या मुलाचं सोडा, पण घरी त्याच्याहून लहान पाहुणे येतात आणि ते आधी डोळेच उपटतात.

आता नातीकडे येते, कारण पत्रात तिच्याबद्दल फार थोडं आहे आणि मला वाटतं तुमचं काम तिथेच आहे. नऊ वर्षं हे सुई हातात घ्यायला चांगलं वय. मोठ्या नेढ्याची सुई, हातभरच दोरा, त्याहून लांब नको, गुंतला की मुलं रुसतात. आणि चौकड्याचं कापड घ्या. चौकड्याच्या रेघा हीच तिची पाटी. रेघेवरून धावदोरा घालत जायचं, एक चौकट वर, एक चौकट खाली. पुढे उलटी टीप, मग बटण. पहिली वस्तू तिने ठरवायची, कितीही निरुपयोगी असो. माझ्या भाचीने पहिली वस्तू शिवली ती खोडरबरासाठी गादी. दोन वर्षं वापरली.

एक मात्र पाळा. तिचे टाके वाकडे येतील, रात्री ती झोपल्यावर ते उसवून नीट करायचा मोह होईल. करू नका. मुलांना कळतं. एकदा कळलं की पुन्हा सुईला हात लावत नाहीत, आणि का लावत नाहीत ते सांगतही नाहीत. तुमच्या मुलाने तरी "विचारायचं" एवढं म्हटलं.

तिने स्वतः काही शिवलं आणि ते घेऊन शाळेत गेली, तर त्याच मैत्रिणी विचारतील, कुठून आणलं. तसं होईलच असं मी म्हणत नाही. कदाचित तिला दोन आठवड्यांनी कंटाळा येईल आणि सुई तुमच्याकडेच परत येईल. चालेल.

गोधडीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तीन बोचकी म्हणजे मनात ती असणारच. तिला शेवटी हात घाला. तीन-चार थर, वर्षभर चालणारं काम आणि पसरायला अख्खी खोली. दुरुस्त्या उरकून, रुमालांची थप्पी लागून, टोपली दोनदा रिकामी झाल्यावर. तोवर घरातच कुणीतरी विचारेल, आजी, माझ्यासाठी करशील का? मग जो विचारेल त्याच्याकडूनच कपडे मागा, त्यानेच निवडून दिलेले.

राहता राहिला जीन्सचा दुसरा पाय. एकच कापला म्हणता, म्हणजे एक अजून शाबूत आहे. माफी मागून झाली की चार दिवसांनी ती उरलेली जीन्स स्वच्छ घडी करून मुलाच्या हातात द्या आणि विचारा, हिचं काय करू? तो म्हणेल गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय सारखे कापून अर्धी चड्डी कर, तर करा, पण पिशवीचं कापड वाया गेलं म्हणू नका. तो म्हणेल काहीच नको, तर परत कपाटात ठेवा. एका पायाची जीन्स कपाटात फार जागा घेत नाही.